चीनची अर्थव्यवस्था आणि समाज: विद्यापीठात नेमकं काय शिकवतात?

अनुस्वार (धागालेखिका)

'चायना स्टडीज म्हणजे करता तरी काय?' असे व्यक्तिगत निरोप (व्यनि) अधूनमधून येत असतात. दर वेळी तेच टंकायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच जाहीर लिहून टाकते. मी पुण्यात अर्थशास्त्रात बीए केलं, मग तैपेईत भाषा शिकले आणि नंतर युरोपातल्या एका विद्यापीठात याच विषयात एमए केलं.

आमच्या वर्गात सुरुवातीला सरळ दोन तट होते. अर्थशास्त्रातून आलेल्यांना समाजशास्त्राचे पेपर म्हणजे तोंडी लावणं वाटायचं. भाषेकडून आलेल्यांना वित्तीय तूट हा शब्द ऐकला की जांभया यायच्या. पहिल्या सत्रातच हे तट मोडले. चीनच्या कुठल्याही मोठ्या आकड्याचा पाठलाग करा, तो शेवटी कुणाच्या तरी घरात, शाळेत नाहीतर लग्नाच्या बोलणीत जाऊन पोचतो.

उदाहरण देते. आम्हाला विचारलेला प्रश्न साधा होता: शेंझेन या दक्षिण चीनमधल्या शहरात घर इतकं महाग का? मुंबईकर म्हणेल, माणसं जास्त, जमीन कमी. खरंच आहे, पण तेवढ्याने पास होता येत नाही.

१९८२ च्या राज्यघटनेनुसार शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. जमीन वापरण्याच्या हक्काचा पहिला जाहीर लिलाव शेंझेनमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये झाला आणि त्याला परवानगी देणारी घटनादुरुस्ती झाली १९८८ मध्ये. (आधी करून बघायचं, जमलं तर कायदा करायचा. हा क्रम त्या देशात इतक्या वेळा दिसतो की पुढे पुढे आश्चर्य वाटेनासं होतं.)

मग आलं १९९४. तेव्हाचे उपपंतप्रधान झू रोंगजींनी केंद्र आणि स्थानिक सरकारांमधली करांची वाटणी बदलली. १९९३ मध्ये एकूण सरकारी महसुलात केंद्राचा वाटा २२ टक्के होता, तो एका वर्षात ५५ टक्क्यांवर गेला. शाळा, दवाखाने, पेन्शन हे खर्च मात्र स्थानिक सरकारांच्याच गळ्यात राहिले. त्यांनी यातून काढलेली वाट म्हणजे जमीन. गावाची सामूहिक जमीन शेतीच्या उत्पन्नावर बेतलेला मोबदला देऊन ताब्यात घ्यायची, ती शहरी ठरवायची आणि तिचा ७० वर्षांचा वापरहक्क बिल्डरला लिलावात विकायचा. १९९८ मध्ये नोकरीच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची पद्धत बंद झाली आणि गिऱ्हाईकही तयार झालं. २०२१ साली स्थानिक सरकारांना या वापरहक्कांच्या विक्रीतून सुमारे ८.७ लाख कोटी युआन मिळाले. म्हणजे घराच्या किमती चढ्या राहण्यात फक्त बिल्डरांचा नाही, शहराच्या तिजोरीचाही जीव अडकलेला होता.

इथवर अर्थशास्त्र. आता घरात शिरू. १९५८ च्या नियमांनी प्रत्येक माणसाची नोंद एका ठिकाणी बांधली, तिला हुकोऊ म्हणतात. खेड्यातली नोंद असलेला माणूस शहरात निम्मं आयुष्य राबला तरी मुलाची सरकारी शाळा, आरोग्यविमा, पेन्शन यांची दोरी गावाकडे. गाओकाओ ही बारावीनंतरची परीक्षासुद्धा सहसा नोंद असेल त्या प्रांतातच द्यावी लागते. त्यामुळे आईबाप कारखान्यात आणि मूल आजीकडे गावात, अशी कोट्यवधी घरं झाली. ज्यांची नोंद शहरातली, त्यांच्यातही चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायची चढाओढ. अशा घरांना शुएछूफांग म्हणतात. घर कितीही जुनाट आणि खुराड्याएवढं असलं तरी किंमत शाळेची. वर एकुलता मुलगा, लग्नाआधी घर हवं ही मुलीकडच्यांची अट, आणि दोन्हीकडच्या आईबापांची आयुष्यभराची बचत.

२०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा' आखल्या, २०२१ च्या अखेरीस एव्हरग्रांद या बड्या बिल्डर कंपनीने कर्ज थकवलं आणि जमिनीचं उत्पन्न घसरत २०२४ मध्ये पाच लाख कोटींच्याही खाली आलं. आता याचा परिणाम बालवाडीतल्या शिक्षिकेच्या पगारावर कसा होतो ते लिहा, असा पुढचा प्रश्न असतो.

तर हे असं शिकवतात. विचारा.

पाणकावळा

लेख रोचक आहे, वाचनखूण साठवली. पण मूळ शंका. चीनचे आकडेच मुळात खोटे असतात ना? मग त्यावर दोन वर्षं आणि वीसतीस लाख रुपये घालून अभ्यास कसला करायचा?

अनुस्वार

@पाणकावळा, ही शंका आधी चीनच्याच एका पंतप्रधानांना होती! ली कछियांग २००७ मध्ये लियाओनिंग प्रांताचे पक्षसचिव होते, अजून पंतप्रधान झाले नव्हते. तेव्हा ते अमेरिकी राजदूतांशी बोलताना म्हणाले की जीडीपीचे आकडे 'बनवलेले' असतात, मी स्वतः विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. विकिलीक्समुळे ते बाहेर आलं. पुढे २०१७ मध्ये त्याच लियाओनिंगच्या गव्हर्नरने जाहीर कबूल केलं की २०११ ते २०१४ या काळात प्रांतात महसुलाचे आकडे फुगवले गेले होते.

पण 'सगळं खोटं' म्हणून हात झटकणं हाही आळसच. कुठला आकडा कोण गोळा करतं, त्यावर कुणाची बढती अवलंबून आहे आणि तो दुसऱ्या कशाशी ताडून पाहता येतो, हेच तर शिकायचं असतं. आम्हाला एक गृहपाठ होता: चीनच्या सीमाशुल्क खात्याने दाखवलेली एखाद्या देशाला झालेली निर्यात आणि त्या देशाने दाखवलेली चीनकडून आयात शेजारी मांडायची आणि फरक समजावून सांगायचा. मी भारत घेतला. हाँगकाँगमार्गे आलेला माल, जहाजभाडं आणि विमा धरायचा की नाही, बिलात कमी दाखवलेली किंमत, अशी एकेक गाठ सोडवत जायचं. शिवाय खुद्द चिनी विद्यापीठांची घराघरांतली सर्वेक्षणं आहेत. पेकिंग विद्यापीठ २०१० पासून त्याच त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतं. उत्पन्नाच्या वाटपाचं आणखी एक सर्वेक्षण तर १९८८ पासूनचं आहे. तिथले संशोधक काही सरकारी भोंगे नाहीत.

आणि आकडा छापला जात नाही तेव्हा तीही माहितीच असते. जून २०२३ मध्ये १६ ते २४ वयाच्या शहरी तरुणांमधली बेरोजगारी २१.३ टक्के निघाली. ऑगस्टमध्ये सांगण्यात आलं की हा आकडा तूर्त जाहीर करणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला, विद्यार्थी वगळून, १४.९ टक्के होऊन.

यंत्रमाग

आम्ही इचलकरंजीवाले, आमचं विद्यापीठ म्हणजे चीनमधलं केचियाओचं कापड मार्केट आणि यीवूचा घाऊक बाजार. करोनाआधी दरसाल जाणं व्हायचं. तुमचं ते घर नि शाळा बरोबर आहे, पण खरी गोष्ट राहिलीच की ताई. तिकडच्या झेजियांग प्रांतात एका गावात एकच माल. दातांगला मोजे तर मोजेच. सूत, रंगाई, मशीनचा सुटा भाग, पॅकिंगचा खोका, सगळं पायी जायच्या अंतरात. मशीन बंद पडलं तर कारागीर जेवणाआधी हजर. आमच्याकडं तोच भाग यायला चार दिवस जातात, आणि तोवर माग गप्प.

दुसरं म्हणजे तिथला अधिकारी. आमच्याकडं कनेक्शनसाठी आम्ही साहेबाच्या मागं, तिकडं साहेब कारखानदाराच्या मागं, की बाबा शेजारच्या तालुक्यात जाऊ नको, जागा मी देतो. हे शिकवतात का, का नुसतं माओ आणि कन्फ्यूशियस?

अनुस्वार

@यंत्रमाग दादा, शिकवतात आणि त्यावर कडाक्याची भांडणंही होतात.

तुम्ही म्हणता त्या साहेबावर चोउ ली-आन या पेकिंग विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञाची प्रसिद्ध मांडणी आहे: स्थानिक अधिकाऱ्यांच्या बढतीची जणू स्पर्धाच लावलेली असते, ज्याच्या हद्दीत आर्थिक वाढ जास्त तो वर जातो. म्हणून साहेब जागा घेऊन मागे लागतो. वाचताना एकदम पटतं. पण नंतर दुसऱ्या काही अभ्यासकांनी पक्षाच्या केंद्रीय समितीतल्या माणसांची चरित्रं तपासली, तर बढतीत वाढीच्या दरापेक्षा ओळखीपाळखीच जास्त दिसल्या. खालच्या, म्हणजे जिल्ह्याच्या वगैरे पातळीवर स्पर्धेची मांडणी बऱ्यापैकी टिकते, वर गेलं की डळमळते, असं माझं मत झालंय.

आणि या चढाओढीची दुसरी बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. प्रत्येक साहेबाला स्वतःच्या हद्दीत पोलादाचा, सोलर पॅनेलचा, विजेच्या गाडीचा कारखाना हवा. मग माल गरजेपेक्षा जास्त, भाव पडलेले, आणि तो माल जगभर वाहत सुटतो.

मोज्यांच्या गावाबद्दल एक भर. ही गावं सगळीकडे एकाच रीतीने उभी राहिली नाहीत. जियांगसू प्रांताच्या दक्षिण भागात गावाच्या मालकीचे कारखाने होते, गावचा सचिवच मालकासारखा. झेजियांगमधल्या वेनचौमध्ये घरोघरी खासगी धंदा, तोही तसं उघड म्हणायची सोय नव्हती तेव्हापासून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावमालकीचे बहुतेक कारखाने खासगी झाले, पुष्कळदा त्याच सचिवाच्या नाहीतर व्यवस्थापकाच्या नावे. किती किमतीला, हा प्रश्न सेमिनारमध्ये निघाला की चिनी विद्यार्थी एकमेकांकडे बघायचे आणि मग दोघंतिघं एकदम बोलायला लागायचे.

तलवारबहाद्दर

१९६२ विसरलात वाटतं. ज्यांनी पाठीत खंजीर खुपसला त्यांच्या मोज्यांचं कौतुक चाललंय.

चौथा_कट्टा

झालं सुरू. धाग्याचा काश्मीर करू नका हो. (इथे लडाख म्हणायला हवं.)

अनुस्वार

@तलवारबहाद्दर, विसरले नाही. पण शेजाऱ्याशी वाकडं असेल तर त्याचं घर जास्त नीट माहीत हवं की कमी? वसंत परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर पेकिंगला शिकायला गेले आणि पुढे नेहरूंच्या चिनी नेत्यांशी झालेल्या बोलण्यांत दुभाषे होते. समोरचा काय बोलला हे आपल्याच माणसाकडून कळावं, यात देशाचाच फायदा. सीमाप्रश्नावर वेगळा धागा काढा, तिथे येते.

मधली_सुट्टी

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. चीनमध्ये समाजाचा अभ्यास करणं हीच एक मोठी गोष्ट आहे. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओतोंग १९३६ मध्ये ताइहू सरोवराजवळच्या काइश्येनगोंग या रेशमाच्या गावात राहिले. त्यांची बहीण फेइ दाशंग तिथे बायकांना रेशीम काढायच्या नव्या पद्धती शिकवत होती, म्हणून त्यांना गावाने घरात घेतलं. त्याच माहितीवर त्यांनी लंडनला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोवस्कींकडे पीएचडी केली. शेती पुरत नाही, घरचा रेशमाचा धंदा बुडाला की शेतकरी कर्जात जातो, हे त्यांनी एका गावावरून दाखवलं. जमीनसुधारणेइतकीच गावातल्या उद्योगाची गरज आहे, हे त्यांचं म्हणणं ऐंशीच्या दशकात खरं ठरलं. वर अनुस्वारनी लिहिलेले जियांगसूतले गावमालकीचे कारखाने ते हेच.

मधल्या काळात काय झालं? १९५२ मध्ये विद्यापीठांची फेररचना झाली आणि समाजशास्त्र हा विषयच बंद केला. समाजवादात सामाजिक प्रश्न उरणारच नाहीत, मग शास्त्र कशाला! १९५७ मध्ये फेइ पुन्हा त्या गावात गेले, शेतकऱ्यांचं उत्पन्न अपेक्षेइतकं वाढलं नाही असं लिहिलं आणि त्याच वर्षी 'उजवे', म्हणजे पक्षाचे विरोधक, ठरवले गेले. १९७९ मध्ये विषय परत सुरू करायचं ठरलं, तेव्हा जबाबदारी त्यांच्यावरच आली. तोवर शिकवू शकणारे उरले होते ते बहुतेक म्हातारे. दोन पिढ्यांची दरी पडली होती.

अनुस्वार

@मधली_सुट्टी, सुरेख प्रतिसाद. याला जोडून. जी वर्षं चीनच्या आत जाता येत नव्हतं, त्या काळात परदेशी अभ्यासक हाँगकाँगला बसायचे. तिथे १९६३ मध्ये एक केंद्र सुरू झालं होतं, पुढे ते तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीत गेलं. सीमा ओलांडून आलेल्यांच्या मुलाखती घ्यायच्या, प्रांतोप्रांतीची वर्तमानपत्रं चाळायची आणि त्यातून एखादं गाव किंवा कारखाना पुन्हा उभा करायचा. नंतर त्यांच्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांच्या गॅझेटियरचा प्रचंड साठा झाला. २०२१ मध्ये हे स्वतंत्र केंद्र मोडून साठा विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिसळला. २०२३ मध्ये चीनच्या सर्वांत मोठ्या शोधनिबंध संकेतस्थळाने परदेशी संस्थांसाठी प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकांसारखे काही विभाग बंद केले. दारं पुन्हा मिटत चाललीत, आणि नव्या विद्यार्थ्याने हे धरूनच विषय निवडावा.

रात्रपाळी

भाषा किती लागते? आणि नोकरीचं काय? मी हिंजवडीत आहे, आमच्याकडे चिनी येणाऱ्याला चांगला भाव होता, पण आता भाषांतराची यंत्रं आली.

अनुस्वार

@रात्रपाळी, नुसत्या भाषांतरावर पोट भरायचे दिवस चालले. चाकण-रांजणगावच्या चिनी कंपन्यांत दुभाषे लागतात अजून, पण यंत्रासमोर उभं राहून दोन इंजिनिअरांमधलं भांडण सोडवू शकणारे. तिथे भाषेइतकंच यंत्रही कळावं लागतं.

अभ्यासासाठी मात्र भाषेला पर्याय नाही. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी झाली की माणसाला वाटतं आलं आपल्याला. मग समोर स्टेट कौन्सिलचं, म्हणजे चीनच्या मंत्रिमंडळाचं, परिपत्रक येतं आणि अर्धा दिवस एका पानावर जातो. त्या कागदांत 'सक्रियपणे आणि सावधपणे पुढे न्यावे' असं असेल तर समजायचं की घाई करू नका असा आदेश आहे. हे शब्दकोशात सापडत नाही, आठदहा वर्षांची परिपत्रकं एकापाठोपाठ एक वाचली की कळायला लागतं.

मी तैपेईला शिकले, तिथे जुन्या वळणाची चित्रलिपी. मुख्य भूमीवरची सोपी लिपी नंतर जमते, उलटं जरा जड जातं. पैशाचं म्हणाल तर तैवान सरकारची भाषेसाठीची शिष्यवृत्ती आणि चीन सरकारची शिष्यवृत्ती दोन्हींना भारतीय अर्ज करू शकतात. फक्त २०२० ते २०२२ लक्षात ठेवा. चीनने व्हिसा थांबवले, वैद्यकीयची हजारो भारतीय मुलं घरी बसून ऑनलाइन शिकली. माझाही प्रत्यक्ष जाण्याचा बेत त्यातच वाहून गेला आणि प्रबंधाचा विषय बदलला. एकाच देशाच्या दारावर सगळं करिअर टांगू नये. बरोबरची मुलं आता शिपिंगमध्ये, बँकांच्या संशोधन विभागात, दोघी वकिलांकडे, काही पीएचडीला. ज्याच्या हातात 'चीन अधिक आणखी काहीतरी' होतं, त्याला लवकर लागली.

शेवगा

नाशिकहून लिहितेय. लेक बारावीत आहे, कोरियन मालिका बघता बघता चिनीवर घसरली आणि आता हेच करायचं म्हणते. पाठवू का? कुठे?

अनुस्वार

@शेवगा ताई, मालिकांवरून आलेली मुलं टिकतात, माझा अनुभव चांगला आहे. भाषाच मुख्य हवी असेल तर दिल्लीला जेएनयूत चिनी भाषेत बीए आहे, प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून. शांतिनिकेतनचं चीना भवन १९३७ पासूनचं. पण अर्थव्यवस्था आणि समाज करायचं असेल तर मी म्हणेन, आधी इथेच अर्थशास्त्र नाहीतर समाजशास्त्र घेऊन पदवी, संख्याशास्त्र टाळायचं नाही, आणि भाषा शेजारी रोज थोडी. परदेशात एमएला जाईपर्यंत वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता आलं पाहिजे. बारावीनंतर लगेच चीनला नको. तिथे इंग्रजीतून शिकवणाऱ्या पदव्यांचा दर्जा फार कमी-जास्त आहे.

शेवगा

बरं. संख्याशास्त्र ऐकून तोंड वाकडं झालंय, पण सांगते तिला.

मधली_सुट्टी

अनुस्वार, बदललेला विषय कोणता घेतलास मग?

अनुस्वार

गावाकडून आलेल्या कामगारांचं म्हातारपण. ऐंशीनव्वदच्या दशकांत शेंझेनला आलेली पहिली फळी आता साठीत आहे. अशा कामगारांची एकूण संख्या ३० कोटींच्या आसपास, सरासरी वय ४३ च्या पुढे. शहरी कारखान्यातून रीतसर निवृत्त झालेल्याला महिना काही हजार युआन पेन्शन असते. ज्याच्यासाठी मालकाने हप्ते भरलेच नाहीत, तो गावाकडच्या योजनेत जातो. तिथे केंद्राने ठरवलेली किमान मूळ रक्कम २०२४ मध्ये २० युआनने वाढून १२३ झाली. महिन्याला. म्हणून सत्तरीतली माणसं बांधकामावर दिसतात. जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने वाढायला लागलंय, पुरुषांचं ६० वरून ६३ पर्यंत, पण ज्याला निवृत्तीच नाही त्याला त्याचं काय!

मुलाखती व्हिडिओ कॉलवर घ्याव्या लागल्या, त्यामुळे फोन हाताळू शकणारेच भेटले. ती उणीव प्रबंधात लिहून ठेवली आहे.

यंत्रमाग

हे खरंय. केचियाओत आमच्या रंगाईवाल्याकडं सगळी पन्नाशीच्या पुढची. तरुण पोरं येतच नाहीत म्हणतो, त्यांना मोबाइलवर जेवणाची डिलिव्हरी करणं परवडतं. पुढच्या खेपेला गेलो तर विचारू का काही? दुभाषी पोरगी चांगली आहे आमची.

अनुस्वार

दादा, जरूर विचारा, पण मालकासमोर नको आणि नावं लिहून घेऊ नका. एवढंच: नोंद कुठल्या प्रांतातली, मालक पेन्शनचे हप्ते भरतो का, भरत असेल तर खातं झेजियांगमध्ये आहे की गावाकडे, आणि पेन्शनसाठी लागतात ती हप्त्यांची १५ वर्षं भरून झाली का. २०३० पासून ही १५ ची अट दरवर्षी सहा महिन्यांनी वाढत २० वर जाणार आहे, त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्यांना ते माहीत आहे की नाही हेही बघा. बायकांना वेगळं विचारता आलं तर फारच उत्तम, त्यांची खाती मधेच बंद पडलेली असतात.